आधी काहीच न ठरवता केलेले सामूहिक वादन कोणत्या निकषावर ऐकावे? (नाशिकमधील एका बैठकीसंबंधी)

गोदाकाठ_श्रोता

नमस्कार.

गंगापूर रोड परिसरात आम्ही काही संगीतप्रेमी मंडळी घरगुती बैठका भरवतो. पन्नास-साठ श्रोते, खाली अंथरलेल्या सतरंज्या, भिंतीकडेला वयस्करांसाठी खुर्च्या आणि शक्य असेल तेथे ध्वनिक्षेपकाविना गायन-वादन, असा आमचा साधारण शिरस्ता आहे. मागील महिन्यात एका सभासदाच्या आग्रहाखातर शहरातीलच पाच तरुण वादकांच्या गटाचे वादन ठेवले होते. व्हायोलिन, बासरी, संबळ, एक लॅपटॉप आणि भांडी बाजारातून नाद ऐकून निवडून आणलेली तांब्या-पितळेची घंगाळी, पराती व तपेली, असा त्यांचा वाद्यमेळ होता. राग, ताल, बंदिश किंवा स्वरलेखन यांपैकी काहीही ठरलेले नाही, केवळ वेळेचा अंदाज ठरलेला आहे, असे त्यांनी आरंभीच सांगितले आणि पाऊण तासाहून अधिक वेळ अखंड वाजवले.

त्यातील काही भाग मला खरोखर आवडला. एके ठिकाणी संबळवादकाने दोन्ही काठ्या बाजूला ठेवल्या, बोट ओले करून ते चामड्यावर दाबत पुढे सरकवले आणि त्यातून कण्हल्यासारखा एक लांबट नाद काढला. व्हायोलिनवादिकेने तो स्वर नेमका पकडून गज इतका हलका फिरवला की दोहोंपैकी कोणता नाद कोठून येतो आहे, हे काही क्षण कळेनासे झाले. त्यानंतरचा बराच मोठा भाग मात्र मला निव्वळ गोंगाट वाटला, आणि शेजारी बसलेल्या गृहस्थांना नेमका तोच भाग सर्वांत प्रभावी वाटला. पंधरा-वीस श्रोते मध्येच उठून गेले.

माझा प्रश्न आवडीनिवडीचा नाही. ख्याल ऐकताना राग अनोळखी असला तरी गायक कोठे अडखळला, समेवर (तालाच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर) कसा आला, कोणती जागा उपरी लागली, हे सरावलेल्या कानाला कळते. येथे चूक होण्याची सोयच नसेल, तर चांगल्या वादनाला चांगले कशाच्या आधारावर म्हणायचे? हाच गट आणखी तिघाचौघांना सोबत घेऊन पुन्हा येऊ इच्छितो आणि या वेळी त्यांना नाशिक ढोलही आणायचा आहे. त्यावरून आमच्या मंडळींत दोन तट पडले आहेत. ज्यांनी असे वादन नियमितपणे ऐकले, केले किंवा आयोजित केले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

पेशकार

मी तबला शिकवतो, त्यामुळे माझा कल कोणीकडे असणार हे उघड आहे. तो गृहीत धरून पुढचे वाचावे.

आयत्या वेळी सुचलेले गाणे-वाजवणे आपल्याला नवे नाही. विलंबित ख्यालात स्थायी-अंतऱ्याच्या मोजक्या ओळी हाताशी असतात आणि बाकीची सारी बढत गायकाला श्रोत्यांसमोर तेथल्या तेथे रचावी लागते. तरीही श्रोता हरवत नाही, कारण रागाचे चलन आणि तालाचे आवर्तन गायकाला जितके ठाऊक असते तितकेच, निदान अंधुकपणे, श्रोत्यालाही ठाऊक असते. समेवर मिळणारी दाद ही अपेक्षा पुरी झाल्याची दाद असते, आणि कधी कधी गायकाने आधी हुलकावणी देऊन ती पुरी केल्याची. मुक्त वादनाला येताना अशी कोणतीही अपेक्षा घरून घेऊन येता येत नाही. ती वादकांनाच पहिल्या काही मिनिटांत निर्माण करावी लागते, आणि माझ्या अनुभवात बहुतेक गट तेथेच कमी पडतात.

म्हणून मी अशा वादनात दोनच गोष्टी पाहतो. पाचव्या मिनिटाला येऊन गेलेली एखादी आकृती, एखादा खरखरीत नाद, एखादे तीन स्वरांचे वळण तिसाव्या मिनिटाला कोणाला आठवते का, आणि आठवले तर ते वेगळ्या रूपात परत येते का? आणि दुसरे म्हणजे गटातील कोणी वाजवणे थांबवतो का? पाच जण पाऊण तास सलग वाजवत राहिले असतील, तर त्यांतील किमान दोघे काहीही ऐकत नव्हते, असे मी खुशाल समजतो.

आपल्या बाजूचेही एक सांगितले पाहिजे. तबला आणि सतार यांचे जे सवाल-जवाब टाळ्या घेतात, त्यांतील कित्येक घरून पाठ होऊन आलेले असतात आणि ‘आयत्या वेळी सुचलेल्या’ पुष्कळ तिहाया (तीनदा वाजवून समेवर संपणारे तुकडे) सकाळच्या रियाजात पक्क्या केलेल्या असतात. त्यात गैर काही नाही. मात्र आमचे ते उत्स्फूर्त आणि त्यांचे ते बेशिस्त, अशी वाटणी करण्यापूर्वी हे ध्यानात ठेवावे. एवढे म्हटल्यावरही माझी शंका कायम आहे की, रियाजाची उणीव झाकण्यासाठी ‘प्रायोगिक’ या नावाचा आसरा घेणारेही थोडे नाहीत.

कंपन

पेशकार सरांनी थांबण्याचा मुद्दा काढला, तेथूनच पुढे लिहिते. वर उल्लेखिलेल्या गटात मी नाही, परंतु नाशिकमध्येच तिघांसोबत अशा प्रकारचे वादन करते. आधी काही ठरवायचेच नसेल तर तालीम कशाची करता, असे आम्हांला वरचेवर विचारले जाते. तालीम ऐकण्याची करावी लागते, आणि ती कंटाळवाणी व दमवणारी असते.

लंडनमधील ड्रमवादक जॉन स्टीव्हन्स यांनी १९६६ मध्ये स्पॉन्टेनियस म्युझिक एन्सेम्बल हा गट उभा केला आणि पुढे नवशिक्यांपासून व्यावसायिकांपर्यंत सर्वांना उपयोगी पडतील असे सामूहिक वादनाचे धडे तयार केले. त्यांतील एका धड्यात प्रत्येकाने आपल्या वाद्यावर शक्य तितका आखूड नाद काढायचा असतो, याहून दुसरे काही करायचे नसते. करू लागल्यावर त्यातली मेख कळते. व्हायोलिनवर गजाचा आखूड नाद काढताना मनगट आखडते, बासरीवाल्याचा जिभेचा आघात फुसका जातो, तपेल्यावर टिचकी मारली की झणकार रेंगाळतो आणि तो दुसऱ्या तळहाताने तत्काळ दाबावा लागतो. पहिली काही मिनिटे प्रत्येक जण आपल्याच वाद्याशी झगडत असतो. मग केव्हातरी आपल्या टिचकीला पलीकडून उत्तर आले हे ध्यानात येते, आणि कोणीही मात्रा न मोजता एक विस्कळीत लय सर्वांमध्ये धरली जाते. स्टीव्हन्स यांच्या नावावर दोन सूत्रे सांगितली जातात आणि आम्ही ती तालमीत कसोशीने पाळतो. शेजाऱ्याचे वादन आपल्याला ऐकू येत नसेल, तर आपण फार मोठ्याने वाजवत आहोत. आणि आपण जे वाजवतो त्याचा आपल्या कानी पडणाऱ्या गोष्टींशी काही संबंधच नसेल, तर गटात बसण्याचे प्रयोजन उरत नाही.

मूळ प्रश्नाचे उत्तर मला यातच दिसते. रागसंगीतात वादक रागाला आणि तालाला बांधील असतो, तर येथे तो सोबतच्या वादकांना बांधील असतो, आणि बांधिलकी आली की चूकही आलीच. एक जण नाद हळूहळू विझवत नेत असताना दुसऱ्याने नवी कल्पना मध्ये रेटणे ही चूक आहे. एकाने वाजवलेला तुकडा दुसऱ्याने लगेच तसाच्या तसा वाजवून दाखवणे हीसुद्धा चूकच, कारण पहिल्या वेळी तो संवाद वाटत असला तरी चौथ्या-पाचव्या वेळी चिडवणे होऊन बसते. सर्वांत सर्रास होणारी चूक म्हणजे एकाने आवाज चढवला की बाकीच्यांनीही चढवणे. वर पोहोचल्यावर कोणालाच उतरता येत नाही, कारण जो प्रथम उतरेल तो ऐकूच येणार नसतो. आपल्याला गोंगाट वाटलेला भाग असाच घडला असावा, असा माझा तर्क आहे. अर्थात, प्रत्यक्ष न ऐकता निकाल देणे योग्य होणार नाही.

पूर्वपीठिकेविषयी थोडेसे लिहिते, कारण हे सारे जाझचे अपत्य आहे असे सरसकट म्हटले जाते. रोममध्ये १९६४ मध्ये फ्रांको इव्हांजेलिस्ती यांच्या पुढाकाराने जमलेला नुओव्हा कॉन्सोनान्झा हा गट एरवी स्वरलेखन करणाऱ्या संगीतकारांचा होता. चित्रपटसंगीतामुळे जगभर नावाजलेले एन्निओ मोरिकोने त्यात ट्रम्पेट वाजवत. लंडनचा एएमएम हा गट १९६५चा. त्यातील कीथ रो यांनी गिटार टेबलावर आडवी ठेवून तारांवर नाना वस्तू घासण्याची रीत पाडली आणि वादनात रेडिओचाही वापर केला. त्याच वर्षी शिकागोतील कृष्णवर्णीय संगीतकारांनी एएसीएम ही संघटना स्थापन केली, आणि स्वतःच्या नव्या रचनांना मंच मिळवून देणे हा तिचा एक प्रमुख हेतू होता. तिन्ही ठिकाणची कारणे वेगवेगळी, म्हणून ऐकण्याची रीतही वेगवेगळी. शिकागोकडच्या गटांत ओळखीची लय आणि ओळखीचे सूर वारंवार भेटतात. एएमएममध्ये ते शोधत बसल्यास हाती काही लागत नाही, तेथे नादाचा पोत ऐकावा लागतो. आपल्याकडे आलेल्या गटाला यांपैकी कोणती वाट जवळची वाटते, हे त्यांना अवश्य विचारावे. उत्तर देता आले नाही, तर तेही एक उत्तरच समजावे.

खुर्चीवरचा

त्या बैठकीतून उठून गेलेल्यांत मी होतो, म्हणून चार ओळी लिहितो.

अनोळखी संगीतामुळे मी उठलो नाही. ते किती वेळ चालेल हे सांगितले गेले नव्हते, लॅपटॉपचा स्पीकर थेट आमच्या खुर्च्यांकडे तोंड करून ठेवलेला होता, आणि वादनापूर्वी ज्या सुरात प्रास्ताविक झाले त्याचा मथितार्थ ‘समजले नाही तर उणीव तुमची’ असा होता. पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी उत्तरायुष्यात ज्या नाशिकमध्ये रामनामाचा आश्रम चालवला, तेथील श्रोत्याला शिस्त शिकवण्याची गरज नसावी. गाणे दरबारातून जाहीर सभागृहात आणताना पलुस्करांनी गायकांना जशी शिस्त लावली तसा समोर बसणाऱ्यांचाही विचार केला. नव्या मंडळींनी एवढे जरी त्यांच्याकडून घेतले, तरी मी पुढच्या बैठकीला शेवटपर्यंत बसेन. शिवाय हा सगळा प्रकार परदेशातून उचललेला आहे, ही माझी तक्रार शिल्लक राहतेच.

पडद्यामागे

सभागृहांतील ध्वनिव्यवस्था हे माझे काम आहे. ‘खुर्चीवरचा’ यांनी जे लिहिले आहे, त्यातील निम्मी तक्रार संगीताविषयीची नसून मांडणीविषयीची आहे, आणि ती दूर करता येण्याजोगी आहे.

प्रथम जागा. महाकवी कालिदास कलामंदिरासारखे मोठे नाट्यगृह अशा वादनाला मारक ठरते, कारण तेथे प्रत्येक वाद्याला मायक्रोफोन द्यावा लागतो आणि एकदा मायक्रोफोन आले की वादक एकमेकांना थेट न ऐकता मॉनिटरमधून, म्हणजे वादकांकडे तोंड केलेल्या स्पीकरमधून, ऐकू लागतात. ‘कंपन’ यांनी सांगितलेले पहिले सूत्र तेथेच निकालात निघते. कुसुमाग्रज स्मारकातील विशाखा सभागृहाच्या बेताचा हॉल किंवा आपल्या बैठकीची खोली हीच योग्य जागा. वादकांना एका भिंतीला टेकवून ओळीने बसवू नये, तर खोलीच्या मध्यभागी तोंडे आत करून कोंडाळ्यात बसवावे आणि श्रोत्यांना त्यांच्या भोवती बसवावे. वादकांची नजरानजर श्रोत्याला दिसली की पुष्कळशा गोष्टी न सांगता समजतात.

लॅपटॉपचा आवाज हा अशा गटांतील नेहमीचा कळीचा मुद्दा असतो. व्हायोलिनचा नाद व्हायोलिनमधूनच येतो, परंतु लॅपटॉपचा नाद मोठ्या स्पीकरमधून सगळ्या खोलीत पसरतो, त्यामुळे बाकीचे वादक लहान होतात. उपाय सोपा आहे. लॅपटॉपवाल्याला एकच छोटा स्पीकर द्यावा, तो त्याच्या शेजारीच जमिनीवर ठेवावा आणि आवाजाची कमाल पातळी बासरीच्या पातळीशी जुळवून तेथे चिकटपट्टी लावून टाकावी.

भांड्यांना पिझो चकती लावण्याची या गटांची आवड मी जाणतो. ही चकती इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात अगदी किरकोळ किमतीत मिळते, घंगाळाच्या काठाला डिंकपट्टीने चिकटवली की त्याची कंपने थेट विजेच्या संकेतात उतरतात आणि पाण्याने अर्धे भरलेले घंगाळ हलवले तरी विलक्षण नाद ऐकू येतो. मात्र तिला सरळ मिक्सरमध्ये जोडले तर खर्ज नाहीसा होऊन नुसता पत्र्यासारखा कर्कश आवाज उरतो, कारण या चकतीला किमान एक मेगाओम इतका प्रवेशरोध (पुढच्या यंत्राने आत येणाऱ्या संकेताला केलेला विरोध) लागतो आणि मिक्सरचा त्याहून पुष्कळच कमी असतो. मध्ये एक छोटा प्रीअँप (संकेत वाढवून पुढे देणारे उपकरण) लावला की तेच घंगाळ मंद्र सप्तकात बोलू लागते. श्रोत्यांना खुपलेला कर्कशपणा अनेकदा कल्पनेचा नसतो, जोडणीचा असतो. लॅपटॉपचा चार्जर आणि मिक्सर एकाच बोर्डावरून चालवावेत, म्हणजे ती कायमची गुणगुण बरीच कमी होते.

कालावधीविषयी माझे मत ठाम आहे. सर्वांनी मिळून एकच सलग पाऊण तास वाजवण्याचा आग्रह सोडावा. इंग्लंडचे गिटारवादक डेरेक बेली यांनी १९७६ पासून ‘कंपनी’ या नावाने जे कार्यक्रम केले, त्यांत निरनिराळ्या वादकांना एकत्र बोलावून त्यांची कधी जोडी, कधी त्रिकूट, कधी मोठा गट अशी फिरती रचना केली जात असे. आपल्याकडेही आधी संबळ आणि व्हायोलिन यांचे दहा मिनिटे, मग बासरी, भांडी व लॅपटॉप यांचे पंधरा मिनिटे, चहा, आणि त्यानंतर सगळे, असा क्रम ठेवावा. जोडीच्या वादनात लपायला जागा नसते, आणि कोण ऐकतो व कोण ऐकत नाही हे प्रथमच आलेल्या श्रोत्यालाही तेथे ओळखू येते. प्रास्ताविक पाच मिनिटांचे असावे. त्यात सौंदर्यशास्त्र सांगू नये. प्रत्येक वाद्याचा एकेक नाद काढून दाखवावा, एकूण वेळ सांगावा, आणि दोन तुकड्यांच्या मधल्या वेळात उठून जाण्यास हरकत नाही असेही मोकळेपणाने सांगावे.

मानधन देणे शक्य असेल तर अवश्य द्यावे. तरुण आहेत, हौशी आहेत, म्हणून चहा-पोह्यांवर भागवण्याची सवय आपल्या शहराला फार आहे.

पेशकार

‘कंपन’ यांचे चुकांविषयीचे स्पष्टीकरण मला पटले. विशेषतः आवाज चढवण्याच्या चुकीविषयी ते तबल्याच्या साथीलाही तंतोतंत लागू पडते.

‘खुर्चीवरचा’ यांच्या परकेपणाच्या तक्रारीवर मात्र थोडे लिहावेसे वाटते. अमेरिकेतील प्रायोगिक संगीताचे अग्रणी जॉन केज यांना १९४६ मध्ये न्यूयॉर्क येथे अहमदाबादच्या गीता साराभाई यांनी भारतीय संगीत शिकवले आणि त्यांच्याकडून पाश्चात्त्य प्रतिस्वरशास्त्र (काउंटरपॉइंट, म्हणजे स्वतंत्र सुरावटी एकाच वेळी चालवण्याचे शास्त्र) शिकून घेतले. संगीताचे प्रयोजन मन शांत व स्थिर करणे हे आहे, असे गीताबाईंनी आपल्या गुरूंकडून ऐकलेले उत्तर त्यांनी केज यांना सांगितले, आणि केज ते पुढे आयुष्यभर सांगत राहिले. पुढे १९६९ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग सिंथेसायझर बसवून इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभारला गेला. तो बसवण्यासाठी केज यांचे निकटचे सहकारी डेव्हिड ट्यूडर आले होते. तेथे गीताबाईंसह काही भारतीय संगीतकारांनी केलेले ध्वनिमुद्रण संस्थेच्या संग्रहात पडून होते, ते २०२३ मध्ये प्रकाशात आले. किराणा घराण्याचे पंडित प्राणनाथ १९७० मध्ये अमेरिकेत गेले आणि टेरी रायली यांच्यासारखा प्रयोगशील संगीतकार त्यांचा शिष्य झाला. देणेघेणे दोन्ही बाजूंनी झालेले आहे, आणि किराणा म्हटल्यावर तर मराठी श्रोत्याने त्याला परके म्हणू नये.

रायली यांचे नाव निघाले म्हणून एक सूचना करतो. १९६४ मधील त्यांच्या ‘इन सी’ या रचनेत ५३ छोटे स्वरतुकडे आहेत. वादक कितीही असोत आणि वाद्ये कोणतीही असोत, प्रत्येकाने तुकडे क्रमाने वाजवायचे, पण कोणता तुकडा किती वेळा घोळवायचा आणि पुढे केव्हा सरकायचे हे ज्याचे त्याने इतरांकडे कान देऊन ठरवायचे असते. ब्रुकलिन रागा मॅसिव्ह या न्यूयॉर्कच्या मंडळींनी ही रचना सतार, तबला, बासरी आदी वाद्यांवर वाजवून २०१७ मध्ये तिचे ध्वनिमुद्रणही प्रसिद्ध केले. आपल्या शहरातील गटाने उत्तरार्धात अशी काही रचना घेतली, तर आमच्यासारख्या मात्रा मोजणाऱ्या श्रोत्यालाही पाय टेकायला जागा मिळेल. अर्थात ‘कंपन’ यांना ही पळवाट वाटण्याची शक्यता आहे.

कंपन

पळवाट नाही, सर. आम्हीही तालमीत तिचे तुकडे वाजवतो. फक्त ती स्थिर लयीवर चालते, त्यामुळे भांडी वाजवणाऱ्याला तिच्यात फारसे काम उरत नाही, एवढीच अडचण आहे. शिवाय ती दुसऱ्याची रचना आहे, तेव्हा जाहीर कार्यक्रमात वाजवण्यापूर्वी हक्कांची विचारपूस करणे आवश्यक आहे. मुक्त वादनात हा प्रश्न उद्भवत नाही.

गोदाकाठ_श्रोता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. जोडी, त्रिकूट आणि मग पूर्ण गट हा क्रम आमच्या दोन्ही तटांना मान्य झाला आहे, आणि ‘खुर्चीवरचा’ यांना शेवटपर्यंत बसण्याचे त्यांचे आश्वासन पाळावे लागेल, असे आमच्या कार्यवाहांनी हसत नमूद करून ठेवले आहे. आता प्रश्न उरतो ढोलाचा. गटाला तो हवाच आहे, कारण नाशिकचे म्हणून बाहेर जे वाद्य ओळखले जाते ते हेच, आणि मिरवणुकीबाहेर त्याचे काय करता येते हे त्यांना तपासायचे आहे. खोलीत मात्र तो झेपणार नाही, अशी मला धास्ती आहे.

टिपरू

मी पथकात ढोल वाजवतो. आपली धास्ती योग्य आहे, परंतु ढोल म्हणजे केवळ आवाज असे समजू नये. मिरवणुकीत आपण ऐकतो तो टिपरूचा, म्हणजे ढोलाच्या काठीचा, टोला. दुसऱ्या बाजूला, म्हणजे थापीच्या पानावर (ढोलाच्या तोंडावर ताणलेल्या पडद्यावर), उघड्या तळहाताने हलकेच वाजवले, तर खोल आणि मऊ नाद निघतो, आणि तो खोलीत सहज सामावतो. तळहात पानावर टेकवून ठेवून बोटांनी वाजवले तर तो आणखी दबतो. तेव्हा खोलीत टिपरू आणायचेच नाही, एक ढोल, फक्त थापी, अशी अट घालावी. चांगला वादक ती आनंदाने स्वीकारेल. कुरकुर करणाऱ्याला बोलावू नये.

दोन-तीन ढोल आणि ताशा हवाच असेल, तर तो भाग अंगणात घ्यावा. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागातील मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, आणि टिपरूचा एकच टोला ती ओलांडून कोठल्या कोठे जातो. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत बंदिस्त जागेबाहेर वाद्य वाजवण्यासही मनाई आहे, केवळ ध्वनिक्षेपकालाच नव्हे. म्हणून संध्याकाळी उजेड असतानाच आणि शेजारच्या सोसायट्यांना आधी कळवून दहा मिनिटांत तो भाग आटोपावा.

या दहा मिनिटांत काय करायचे यासाठी एक गोष्ट सुचवतो. अमेरिकेतील बुच मॉरिस यांनी १९८५ पासून ‘कंडक्शन’ नावाची पद्धत विकसित केली. त्यात समोर उभा असलेला माणूस ठरावीक हस्तसंकेतांनी गटाला थांबा, हे पुन्हा वाजवा, धरून ठेवा, तुम्ही दोघेच वाजवा, असे सांगतो, पण नेमके काय वाजवायचे ते वादकच ठरवतात. ढोलपथकातील मुलांना हातवाऱ्यांवर चालण्याची सवय असतेच, कारण शंभर ढोलांच्या आवाजात तोंडी सूचना कोणालाच ऐकू जात नाही आणि हात कसा चालतो यावर सगळ्यांची नजर असते. आम्ही थांबण्याचा, उचलण्याचा आणि आवाज उतरवण्याचा संकेत झटकन पाळतो. स्वतःहून काय वाजवावे, हे मात्र आम्हांला कोणी शिकवलेले नसते, आणि ते शिकण्यासाठी या गटासोबत दोन-तीन तालमी तरी कराव्या लागतील. ‘कंपन’ ताईंनी सांगितलेला आखूड नादाचा धडा ढोलावर करून पाहण्याची मला फार उत्सुकता आहे. पान लगेच दाबले नाही तर ढोल घुमत राहतो, त्यामुळे तो आमच्यासाठी सर्वांत अवघड ठरणार.

राहता राहिला ऋतूचा प्रश्न. पावसाळी हवेत संबळाचे चामडे उतरते आणि वादनाआधी शेकून घ्यावे लागते, चामडी पानांच्या ढोलाचेही तेच. हल्लीचे बरेच ढोल फायबरच्या पानांचे असतात. त्यांना दमट हवेचा त्रास होत नाही, परंतु थापीचा मऊपणा त्यांत चामड्याइतका उतरत नाही, आणि आपल्याला खोलीत नेमका तोच हवा आहे. गटाकडचा ढोल कोणत्या पानाचा आहे ते विचारून येथे कळवावे. चामडी असेल तर बैठक दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावर ठेवावी, आणि फायबरचा असेल तर मी माझा ढोल घेऊन येईन.